पक्षाघात की रक्तस्राव: एका उपचार-निर्णयाचे विश्लेषण

प्रकरण

७६ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. त्यांना उच्च रक्तदाब आणि मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी नाडी अनियमित लागत असल्याचे एका नेहमीच्या तपासणीत लक्षात आले आणि एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाले. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे वाहून गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. त्या वेळी बाईंचे वय पाहून त्यांना रक्त गोठू न देणारे प्रभावी औषध दिले गेले नाही, त्याऐवजी सौम्य पर्याय म्हणून ॲस्पिरिन सुरू करण्यात आले. पुढे गुडघेदुखीसाठी त्या अधूनमधून आयबुप्रोफेनही घेऊ लागल्या.

तीन महिन्यांपूर्वी त्यांना काळी शौच होऊ लागली, उभे राहताच घेरी आली आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तस्राव होत असलेला अल्सर दिसला, तो एंडोस्कोपीतूनच थांबवण्यात आला आणि रक्त चढवावे लागले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्गही आढळला. त्यावर प्रतिजैविकांचा पूर्ण उपचार झाला, संसर्ग गेल्याची खात्री करून घेतली गेली आणि पुन्हा केलेल्या एंडोस्कोपीत अल्सर भरून आलेला दिसला. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही बंद आहेत, पोटातील आम्ल कमी करणारे औषध चालू आहे. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातील क्रिएटिनिन १.१ आहे, वजन ५८ किलो. गेल्या वर्षभरात त्या घरात दोनदा पडल्या, पण विशेष मार लागला नाही. त्या स्वतःची सर्व कामे स्वतः करतात.

हे तपशील कोणा एका व्यक्तीचे नाहीत. अशा रुग्णांमध्ये वारंवार एकत्र आढळणाऱ्या गोष्टी जुळवून हे प्रकरण अभ्यासासाठी मांडले आहे. पुढील गणितातील जे आकडे प्रकाशित अभ्यासांतील आहेत ते तसे सांगितले आहेत आणि बाकीचे गृहीतके म्हणूनच घ्यावेत. गृहीतक उघड लिहिणे हा निर्णय-विश्लेषणाचा, म्हणजे प्रत्येक पर्यायातील शक्यता आणि परिणाम मोजून निवड करण्याच्या पद्धतीचा, कणाच आहे, कारण उघड लिहिलेल्या आकड्याला हरकत घेता येते, मनात ठेवलेल्या आकड्याला घेता येत नाही.

वाद कशाचा होता

हृदयरोगतज्ज्ञांचे मत असे पडले की अपिक्साबॅन हे रक्त गोठू न देणारे औषध लगेच सुरू करावे, कारण पक्षाघाताचा धोका मोठा आहे. पोटविकारतज्ज्ञांचे म्हणणे होते की नुकतीच जिवावर बेतलेली रुग्ण पुन्हा त्याच संकटात ढकलू नये, आणि द्यायचेच असेल तर अर्धी मात्रा द्यावी. मुलाला आईच्या पडण्याची भीती वाटत होती, कारण रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला तर काय, हा प्रश्न त्याला सतावत होता. बाई स्वतः मात्र फारसे बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना कोणी नेमके विचारलेही नव्हते.

चारही भूमिका समजण्याजोग्या आहेत. अडचण अशी की प्रत्येकाच्या म्हणण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: एखादी घटना घडण्याची शक्यता किती, आणि ती घडली तर किती वाईट. ‘धोका मोठा आहे’ या वाक्याचा अर्थ यांपैकी कोणताही असू शकतो. दोन तज्ज्ञ एकमेकांशी शक्यतेबद्दल वाद घालत आहेत की परिणामाच्या गांभीर्याबद्दल, हे अशा चर्चेत तासभर बोलूनही स्पष्ट होत नाही. माझ्या मते निर्णय-विश्लेषणाचे खरे काम इथे आहे. शेवटी येणाऱ्या आकड्यापेक्षा मतभेद नेमका कुठे आहे हे ते दाखवते, आणि मतभेदाची जागा सापडली की पुष्कळदा तो निम्म्याने कमी होतो.

ही पद्धत वैद्यकात नवी नाही. १९५९ मध्ये लेडली आणि लस्टेड यांनी वैद्यकीय तर्काची तर्कशास्त्र, संभाव्यता आणि मूल्य यांच्या आधारे मांडणी केली. १९७५ मध्ये पॉकर आणि कॅसिरर यांनी उपचाराचा फायदा आणि तोटा एकाच गणितात बसवून दाखवला, आणि १९८० मध्ये त्यांनीच ‘उंबरठा’ ही कल्पना पुढे आणली: रोगाची शक्यता ज्या पातळीच्या वर गेल्यावर उपचार करणे न करण्यापेक्षा हितकारक ठरते, ती पातळी आधी शोधावी आणि मग आपला रुग्ण तिच्या वर आहे की खाली, एवढेच पाहावे. रुग्णाची शक्यता दशांशापर्यंत अचूक माहीत नसली तरी चालते, ती उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आहे हे कळणे पुरेसे असते. प्रस्तुत प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडली.

झाड आणि त्याच्या फांद्या

निर्णयवृक्ष म्हणजे पर्याय आणि त्यांचे परिणाम फांद्यांसारखे मांडलेली आकृती. तिच्या मुळाशी एक चौकोन असतो, तिथे निवड आपली असते. त्यापुढील वर्तुळांत निवड आपली नसते, तिथे काय घडेल ते शक्यतेवर सोपवलेले असते. या प्रकरणात चौकोनातून निघणाऱ्या मुख्य फांद्या दोन: औषध न देणे, आणि अपिक्साबॅन पूर्ण मात्रेत देणे. अर्ध्या मात्रेची तिसरी फांदी पुढे जोडली आहे. ॲस्पिरिनची फांदी काढली नाही, त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲव्हेरोज या चाचणीत, वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे जुने औषध देणे योग्य नाही असे ठरलेल्या सुमारे ५,६०० रुग्णांमध्ये अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली. पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकणे, यांचे वार्षिक प्रमाण ॲस्पिरिनवर ३.७ टक्के आणि अपिक्साबॅनवर १.६ टक्के होते, तर मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. या बाईंना चार वर्षांपूर्वी ‘सौम्य’ म्हणून दिलेला पर्याय रक्तस्रावाच्या बाबतीत फारसा सौम्य नसतो आणि पक्षाघाताच्या बाबतीत दुबळा असतो, हे एवढ्यावरून दिसते.

आता शक्यता. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या दीर्घकालीन हृदयविकार-अभ्यासाच्या १९९१ च्या विश्लेषणानुसार एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, पण हा धोका सर्वांना सारखा नसतो. त्यासाठी चॅड्स-व्हॅस्क ही गुणांकनपद्धत वापरतात. वय ७५ किंवा अधिक असल्याचे दोन, रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक आणि स्त्री असल्याचा एक, असे बाईंचे पाच गुण होतात. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी लिंगाचा गुण वगळला आहे, त्या हिशेबाने चार. औषधाविना या गुणसंख्येला वर्षाला नेमके किती टक्के पक्षाघात होतात, याबाबत वेगवेगळ्या देशांतील नोंदींत बरीच तफावत आहे, म्हणून इथे ६ टक्के हा आकडा गृहीत धरला आणि तो खाली-वर करून पाहायचे ठरवले. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने हा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो. वॉरफरिनवरील चाचण्या एकत्र करून २००७ मध्ये जे विश्लेषण झाले त्यात ही घट ६४ टक्के होती, आणि २०११ च्या ॲरिस्टॉटल चाचणीत अपिक्साबॅन वॉरफरिनपेक्षा काहीसे सरस ठरले. म्हणून औषधाच्या फांदीवर पक्षाघाताची शक्यता २ टक्के धरली.

रक्तस्रावाबाबत पहिली दुरुस्ती इथे करावी लागली. चर्चेत सगळे जण ‘रक्तस्राव’ ही एकच घटना धरून बोलत होते. प्रत्यक्षात पोटातील रक्तस्राव आणि कवटीच्या आतील रक्तस्राव या अगदी भिन्न घटना आहेत. पहिल्यातून बहुतेक रुग्ण उपचाराने पूर्ण बरे होतात, दुसऱ्यातून थोडेच. ॲरिस्टॉटल चाचणीत कवटीतील रक्तस्राव वॉरफरिनवर वर्षाला ०.८० टक्के तर अपिक्साबॅनवर ०.३३ टक्के रुग्णांत झाला. बाईंचे वय लक्षात घेऊन औषधाच्या फांदीवर ०.५ टक्के आणि औषधाविना ०.३ टक्के धरले.

पोटातील रक्तस्रावाचा आकडा सर्वांत अवघड होता, कारण अलीकडे गंभीर रक्तस्राव झालेल्या रुग्णांना अशा चाचण्यांतून सहसा वगळलेले असते. इथे अनुमानच करावे लागते, पण त्यालाही आधार हवा. बाईंच्या अल्सरला तीन कारणे होती: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि जिवाणू. तिन्ही आता दूर झाली आहेत आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधाचे संरक्षण वर आहे. रक्तस्रावाचा धोका मोजणाऱ्या हॅझ-ब्लेड पद्धतीत त्यांचे गुण त्या वेळी तीन होते, धोका वाढवणारी औषधे बंद झाल्यावर दोन. (ही पद्धत औषध नाकारण्यासाठी वापरली जाताना अनेकदा दिसते. धोक्याची कोणती कारणे दूर करता येतील हे शोधण्यासाठी ती आहे, आणि इथे तिचा तसाच उपयोग झाला.) तरीही सावधगिरी म्हणून औषधाविना १.५ टक्के आणि औषधासह ४ टक्के, असा बराच चढा दर गृहीत धरला.

बाईंना काय वाटते

शक्यतांचा भाग डॉक्टरांचा, परिणाम किती वाईट हे सांगण्याचा अधिकार मात्र ज्याच्या वाट्याला ते येणार त्याचाच. यासाठी ‘उपयुक्तता’ नावाचे माप वापरतात: मृत्यूला शून्य, आजच्या प्रकृतीला एक, आणि मधल्या अवस्थांना रुग्ण स्वतः ठरवील तो आकडा. तो काढण्याची मूळ रीत फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४० च्या दशकातील सिद्धान्तातून आली आहे. रुग्णाला असे विचारतात: समजा, पक्षाघाताने तुम्ही अंथरुणाला खिळला आहात, बोलता येत नाही, सर्व काही दुसऱ्याने करावे लागते. एक उपचार आहे, तो यशस्वी झाला तर तुम्ही पूर्ण बऱ्या व्हाल, फसला तर तत्काळ मृत्यू. यशाची शक्यता किती असेल तर तुम्ही तो घ्याल?

बाईंनी बराच वेळ विचार केला आणि दहात एक शक्यता असली तरी घेईन, असे सांगितले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने त्या अवस्थेची उपयुक्तता ०.१, मृत्यूच्या अगदी जवळ. हे उत्तर टोकाचे वाटेल, पण अपवादात्मक नाही. पक्षाघाताचा धोका असलेल्या लोकांच्या १९९८ मधील एका सर्वेक्षणात ४५ टक्क्यांनी मोठा पक्षाघात मृत्यूहूनही वाईट मानला होता. उलट, अशा अवस्थेत प्रत्यक्ष जगणारे लोक स्वतःच्या आयुष्याला बाहेरच्यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळदा अधिक मोल देतात, हेही ठाऊक आहे. म्हणून त्यांचा आकडा वापरला, पण शेवटचा शब्द मानला नाही. हातापायात थोडी कमजोरी राहून स्वतंत्रपणे जगता येण्याला त्यांनी ०.७५ दिले. पोटातून रक्तस्राव होऊन बरे होण्याला ०.९५ दिले, आणि ते अनुभवातून दिले. रोज दोनदा गोळी घेण्याचा आणि तिच्यासोबत येणाऱ्या काळजीचा त्रास त्यांनी ०.००५ इतका मानला.

प्रत्येक घटनेचे सरासरी नुकसान काढण्यासाठी आणखी काही गृहीतके लागली. एट्रियल फिब्रिलेशनमधील पक्षाघात सहसा मोठे असतात, म्हणून चारांत एक मृत्यू, ३५ टक्क्यांत गंभीर अपंगत्व आणि ४० टक्क्यांत सौम्य अपंगत्व धरले. कवटीतील रक्तस्रावासाठी हेच प्रमाण ५०, ३० आणि २० टक्के. पोटातील रक्तस्रावात दहांत एक मृत्यू, बाकीचे बरे. बाईंच्या मोजमापानुसार एका पक्षाघाताचे सरासरी नुकसान ०.६६५, कवटीतील रक्तस्रावाचे ०.८२ आणि पोटातील रक्तस्रावाचे ०.१४५ आले. म्हणजे एका पक्षाघाताचे वजन पोटातील साडेचारहून अधिक रक्तस्रावांइतके.

हिशेब

अशा एक हजार स्त्रियांचे एक वर्ष डोळ्यांसमोर आणू. औषधाविना ६० जणींना पक्षाघात, १५ जणींना पोटातून रक्तस्राव, ३ जणींना कवटीत रक्तस्राव. एकूण नुकसान ३९.९ अधिक २.२ अधिक २.५, म्हणजे सुमारे ४४.५. औषधासह २० पक्षाघात, पोटातील ४० रक्तस्राव, कवटीतील ५. त्यांचे नुकसान १३.३, ५.८ आणि ४.१, आणि हजार जणींनी वर्षभर गोळ्या घेण्याचे ५. बेरीज २८.२. औषधाची फांदी स्पष्टपणे सरस ठरते.

मुलाने हा हिशेब पाहून एक चांगला प्रश्न विचारला. औषधाविना हजारातील ७८ जणींना काही ना काही होते, औषधासह ६५ जणींना. म्हणजे ९२२ जणी सुखरूप आणि ९३५ जणी सुखरूप, फरक फक्त तेरांचा. एवढ्यासाठी आईने रोज औषध घ्यायचे का? त्याचे गणित बरोबर होते आणि त्यातूनच खरी गोष्ट उघड झाली. घटनांच्या संख्येत फरक थोडा आहे, घटनांच्या जातीत मोठा. नुसते मृत्यू मोजले तर औषधाविना हजारात १८, औषधासह ११ ते १२. अंथरुणाला खिळणाऱ्या औषधाविना सुमारे २२, औषधासह आठ-नऊ. पोटविकारतज्ज्ञही मूलतः याच जागी अडले होते: चाळीस रक्तस्राव हा त्यांच्यासमोर येणारा आकडा होता, टळलेले चाळीस पक्षाघात त्यांच्या विभागात कधीच येत नाहीत.

हा दृष्टिदोष कोणा एका डॉक्टरचा नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. ज्या डॉक्टरांच्या रुग्णाला वॉरफरिनवर असताना गंभीर रक्तस्राव झाला, ते पुढील रुग्णांना वॉरफरिन देण्यास अधिक कचरू लागले. पण ज्यांच्या रुग्णाला वॉरफरिन न दिल्यामुळे पक्षाघात झाला असावा, त्यांच्या वागण्यात तसा बदल झाला नाही. लिहून दिलेल्या औषधाने झालेली हानी आपल्या नावावर जमा होते, न दिलेल्या औषधामुळे झालेली हानी रोगाच्या नावावर. निर्णयवृक्षात दोन्ही फांद्या शेजारी-शेजारी काढाव्या लागतात, त्यामुळे ‘काही न करणे’ हाही एक निर्णय आहे आणि त्याचीही किंमत आहे हे टाळता येत नाही. रुग्णांचा कल तर पुष्कळदा उलटा असतो. २००१ मधील एका अभ्यासात, पक्षाघात टाळण्यासाठी शंभर रुग्णांमागे किती जादा रक्तस्राव चालतील असे विचारल्यावर रुग्णांचे सरासरी उत्तर सुमारे १७ आले, डॉक्टरांचे सुमारे १०.

आकडे चुकीचे असतील तर

एवढ्या गृहीतकांवर उभ्या असलेल्या निष्कर्षाला तपासल्याशिवाय मान्यता देणे चुकीचे ठरेल. म्हणून प्रत्येक आकडा हलवून पाहिला.

पक्षाघाताचा मूळ धोका ६ टक्के नसून कमी असेल तर? बाकी सर्व तसेच ठेवले तर दोन्ही फांद्या समान होण्याची पातळी वर्षाला सुमारे २.३ टक्के येते. वय, रक्तदाब आणि मधुमेह पाहता बाईंचा धोका याहून कमी असण्याची शक्यता फार थोडी आहे. तफावत असलेल्या नोंदींपैकी नेमकी कोणती खरी, हा वाद त्यामुळे या रुग्णापुरता अनावश्यक ठरला. औषधावर पोटातील रक्तस्रावाची शक्यता ४ टक्के नसून अधिक असेल तर? ती वर्षाला सुमारे १५ टक्क्यांच्या पलीकडे गेली तरच पारडे फिरते. अल्सर भरलेला, जिवाणू गेलेला, वेदनाशामक बंद: या परिस्थितीत इतकी शक्यता कोणीही सुचवली नाही.

पोटविकारतज्ज्ञांना त्यांच्या मते सर्वांत वाईट आकडे कोणते हे विचारले. त्यांनी रक्तस्राव १० टक्के आणि त्यातील मृत्यू पाचांत एक, असे सांगितले. हे आकडे घातल्यावर औषधाच्या फांदीचे नुकसान ४६.४ आणि औषध न देण्याचे ४६.० झाले, म्हणजे जवळजवळ बरोबरी. या क्षणी चर्चेचा सूर बदलला. त्यांच्या स्वतःच्या सर्वाधिक निराशावादी आकड्यांनीही औषध हानिकारक ठरत नव्हते, दोन्ही पर्याय सारखे ठरत होते. आणि आपल्याला हे आकडे खरोखर संभवनीय वाटतात का, असे विचारल्यावर त्यांनी ते भीतीचे आकडे असल्याचे मान्य केले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच. आकडा मांडायला सांगितला नसता तर ती भीती मत म्हणून टिकून राहिली असती.

बाईंचे टोकाचे मूल्यमापन बदलले तर? मुलाच्या मते गंभीर अपंगत्वातही आईचे आयुष्य मोलाचे असेल, तो त्याला ०.६ देतो. तो आकडा घेतला तर नुकसान ३३.६ विरुद्ध २४.० येते. फरक कमी होतो, दिशा तीच राहते. म्हणजे आई आणि मुलगा यांच्यातील या खोल मतभेदावर निर्णय अवलंबून नव्हता, आणि तो मतभेद या प्रसंगी सोडवण्याची गरजही नव्हती.

पडण्याच्या भीतीचे काय? १९९९ मध्ये मॅन-सन-हिंग आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच प्रश्नावर निर्णय-विश्लेषण केले होते. पडल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यावर मात करण्यासाठी वृद्ध रुग्णाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो आकडा त्यांच्या गृहीतकांवर उभा आहे आणि अक्षरशः घेऊ नये. पण दोन आणि २९५ यांमधील अंतर इतके मोठे आहे की गृहीतके बरीच बदलली तरी उत्तर बदलत नाही. पडणे टाळण्यासाठी उजेड, पादत्राणे, रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांकडे लक्ष द्यायचे ठरले. औषध थांबवण्याचे कारण म्हणून मात्र हा मुद्दा बाजूला पडला.

अर्ध्या मात्रेची तिसरी फांदी जोडली तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट दिसली. अर्ध्या मात्रेने रक्तस्राव अगदी औषध न घेण्याच्या पातळीवर उतरतो असे तिच्या बाजूने उदारपणे मानले, आणि पक्षाघातापासूनचे संरक्षण ४० टक्क्यांवर आले असे धरले, तरी नुकसान ३३.६ येते, पूर्ण मात्रेच्या २८.२ पेक्षा जास्त. तडजोड ही दोन मतांच्या मधोमध असते म्हणून ती परिणामांच्याही मधोमध किंवा अधिक सुरक्षित असेल असे नाही. अपिक्साबॅनची मात्रा कमी करण्याचे निकष ठरलेले आहेत: वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी किमान दोन असतील तरच. बाईंच्या बाबतीत फक्त वजनाचा निकष लागू होतो.

झाडाच्या मर्यादा

एका वर्षाचे झाड सोयीचे असते, खरे आयुष्य मात्र वर्षावर थांबत नाही. या गणितात मृत्यू आणि अपंगत्व यांचे नुकसान एकाच वर्षाचे मोजले गेले, प्रत्यक्षात ते उरलेल्या सगळ्या आयुष्याचे असते. गोळीचा त्रास आणि रक्तस्रावातून बरे होण्याचा काळ यांचे नुकसान मात्र खरोखरच त्या-त्या वर्षापुरते असते. त्यामुळे हे झाड औषधाच्या विरोधात थोडे झुकलेले आहे. उपचारांचा परिणाम वर्षानुवर्षे मोजायचा असेल तर बेक आणि पॉकर यांनी १९८३ मध्ये वैद्यकात रुळवलेली मार्कोव्ह पद्धत वापरतात, तिच्यात रुग्ण दरवर्षी एका अवस्थेतून दुसरीत जातो आणि इतर कारणांनी होणारे मृत्यूही हिशेबात येतात. या प्रकरणात छोटे झाडच विरुद्ध दिशेने झुकूनही पुरेसे स्पष्ट उत्तर देत होते, म्हणून मोठे प्रतिमान उभारले नाही. उत्तर उंबरठ्याच्या जवळ असते तर उभारावे लागले असते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. अपेक्षित नुकसानाची सरासरी ही हजार जणींना लागू होते, बाईंच्या वाट्याला मात्र एकच फांदी येणार. सरासरीने चांगला पर्याय निवडूनही त्यांना रक्तस्राव होऊ शकतो. हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले गेले, कारण वाईट परिणाम झाला म्हणून निर्णय वाईट होता असे नंतर मानण्याची चूक रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर सगळेच करतात. १९८२ मध्ये मॅक्नील आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की तेच आकडे ‘इतके जगतील’ असे सांगितले की ‘इतके दगावतील’ असे, यावरून लोकांची, डॉक्टरांचीही, निवड बदलते. म्हणून बाईंना आकडे दोन्ही प्रकारे आणि हजार ठिपक्यांच्या चित्रात दाखवले.

निर्णय आणि त्याच्या अटी

चित्र पाहून बाईंनी दोन प्रश्न विचारले: रक्तस्राव सुरू झाला तर मला कसा कळेल, आणि तेव्हा कुठे जायचे. त्यांची खरी भीती रक्तस्रावापेक्षा तो उशिरा लक्षात येण्याची होती, मागील वेळी दोन दिवस काळ्या शौचेकडे त्यांचे दुर्लक्ष झाले होते. कोणत्याही फांदीवर हा मुद्दा नव्हता. लक्षणे, दूरध्वनी क्रमांक आणि ठरावीक काळाने हिमोग्लोबिनची तपासणी असे लिहून दिल्यावर त्यांनी औषध घेण्यास होकार दिला.

अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाले, आम्ल कमी करणारे औषध चालू राहिले, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम सुचवले गेले, आणि कोणतेही नवे वेदनाशामक विचारल्याशिवाय घ्यायचे नाही असे ठरले. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातील पिशवी उपकरणाने बंद करण्याचा पर्यायही नोंदवून ठेवला. त्यानंतरही काही काळ रक्त पातळ करणारी औषधे लागतातच, त्यामुळे आज तो पुढे केला नाही.

नोंदीत निर्णयाबरोबर तो कधी बदलावा हेही लिहिले आहे. कारण सापडत नसलेला मोठा रक्तस्राव पुन्हा झाला तर पोटाच्या धोक्याचा आकडा नव्याने मांडून उपकरणाच्या पर्यायाचे झाड काढायचे. मूत्रपिंडाचे काम दर सहा महिन्यांनी पाहायचे. आणि बाई ८० वर्षांच्या झाल्यावर वजन ६० किलोच्या आतच असेल तर दोन निकष पूर्ण होतील, त्या दिवशी २.५ मिलिग्रॅमची मात्रा योग्य मात्रा ठरेल.